माकडताप : माकड मरते, गाय धडधाकट, विषाणू मात्र तोच

काजूचा हंगाम जवळ आला की दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात माकडतापाची चर्चा सुरू होते. माकड मेलेले दिसले की आरोग्य खात्याची धावपळ होते. गोठ्यातली गुरे मात्र ठणठणीत दिसतात, म्हणून तिकडे कुणी फारसे बघत नाही. खरी मेख इथेच आहे.

१९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात हा विषाणू प्रथम सापडला. तो गोचिडांमार्फत पसरतो. विषाणू एकच, पण प्रत्येक प्राण्याचे शरीर त्याला वेगळे तोंड देते. वानर-माकडांच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि शरीर सावरण्याआधीच अनेक माकडे दगावतात. जंगली उंदरांच्या रक्तातही तो काही दिवस राहतो; पण अँटीबॉडी तयार होऊन तो हटतो, उंदीर आजारी पडत नाही. गुरांमध्ये तर तो फारसा वाढतच नाही. रक्तात अँटीबॉडी सापडतात, तेवढीच खूण.

मग गुरे निर्धोक का? तसे नाही. मोठी गोचीड गुरांचे रक्त पिऊन अंडी घालते. म्हणजे गाय विषाणू वाढवत नाही, पण गोचीड पोसते. माणसाला चावतात ती मुख्यतः गोचिडाची पिल्ले. मेलेल्या माकडाच्या अंगावरूनही ती खाली उतरतात, म्हणून ती जागा सगळ्यात धोक्याची.

माणसाचे शरीर या दोन टोकांच्या मधले. बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरातले साधारण तीन ते पाच दगावतात. काहींना ताप उतरल्यावर पुन्हा चढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप लागत नाही.

सीमाभागाला याची झळ २०१६ मध्ये बसली. गोव्यातल्या काजू बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांना हा ताप आल्याचे तपासणीत निघाले. आजार लागला एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यातला. जुन्या लसीचा परिणाम कमी पडल्याने तिचा आधार उरलेला नाही.

त्यामुळे नुसती मेलेली माकडे मोजून भागणार नाही. हंगामाआधी गुरांचे गोचीड-निर्मूलन व्हायला हवे. माकड मेल्याची खबर तिन्ही राज्यांनी एकमेकांना त्याच दिवशी द्यायला हवी. आणि ताप आलेल्या मजुराला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारावा : कामाला कुठल्या जंगलात गेला होतास?