फिटलेल्या कर्जाचा उभा बोजा

‘सातबारा कोरा करा’ ही विदर्भातील घोषणा जुनीच आहे. तिचा अर्थ सामान्यतः कर्जमाफी असा घेतला जातो. परंतु तिच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे : ज्याचे कर्ज फिटले, त्याचा सातबारा तरी कोरा होतो काय?

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक गावच्या सेवा सहकारी संस्थेकडून पीककर्ज घेतो, तेव्हा तो जमिनीचा इकरार लिहून देतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४८ व्या कलमान्वये जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण होतो व सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात चढतो. कर्ज फिटल्यावर मात्र तो आपोआप उतरत नाही. ना-देय दाखला, अर्ज, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन हा सारा खटाटोप व्यवहारात कर्जदाराच्याच गळ्यात पडतो. २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्यांनी खात्यावरील बाकी फेडली. रकान्यातील नोंद काढणे हे निराळेच काम राहिले.

नोंद राहिली की काय होते? शेताचा तुकडा अकृषिक करून घर बांधावे असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, तर गृहकर्ज देणारी बँक प्रथम निर्वेध मालकी मागते. जुना बोजा उभा असताना ती नवे गहाण घेत नाही. दाखल्यासाठी हेलपाटे होतात, सिमेंट-विटांचे भाव वाढतात आणि अडलेला माणूस सावकाराचे दार ठोठावतो. एकदा फेडलेले कर्ज त्याला असे दुसऱ्यांदा भोवते.

शहरातील नोकरदारास याबाबत संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी आदेश काढला : कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत व नोंदविलेला बोजा काढावा, बँकेमुळे विलंब झाल्यास दरदिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. परंतु तो वैयक्तिक कर्जांपुरता आहे. त्यात गृहकर्ज येते, पीककर्ज येत नाही. गावची सेवा संस्था तर रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीच नाही. फ्लॅटधारकास एक न्याय आणि कास्तकारास दुसरा, हा भेद कोणत्या तत्त्वात बसतो?

तारणाशिवाय पतपुरवठा व्हावा, असे येथे म्हणणे नाही. ज्याने बोजा चढविला, त्यानेच तो उतरवावा, एवढेच म्हणणे आहे. वारसांच्या नोंदींसाठी २०२५ साली राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. अर्थात, सरकारने मनावर घेतले तर दप्तर स्वतःहून दुरुस्त होऊ शकते. पीककर्जालाही ३० दिवसांची मुदत व विलंबाची भरपाई कायद्याने लागू झाली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. पुसद, वणी, दारव्हा, घाटंजी तालुक्यांत गावोगाव सातबाऱ्यांचे चावडीवाचन घडवावे, फिटलेल्या कर्जांच्या उभ्या नोंदींची यादी करावी आणि ती तहसीलदारापुढे ठेवावी. कर्जमुक्ती खात्यात झाली एवढ्याने भागत नाही. ती सातबाऱ्यावर दिसली पाहिजे.