'घरगुती' म्हणजे नेमकं कोणाचं?

आपल्यापैकी बहुतेकींना कॅम्प म्हटलं की शिबिर आठवतं. सतरंज्या, गटचर्चा, भिंतीवर चिकटवलेले ब्राऊनपेपर, रात्री उशिरापर्यंत गाणी आणि सकाळी चहाच्या रांगेत पेंगणाऱ्या कार्यकर्त्या. त्यामुळे गेल्या जानेवारीत आम्ही चौघीजणींनी नदीकाठी नुसतंच जाऊन राहायचं ठरवलं, तेव्हा 'विषय काय ठेवलाय?' असं दोघीतिघींनी खरोखर विचारलं. विषय काहीच नव्हता. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस करून आम्ही थकलो होतो आणि दोन रात्री कोणाचंही काहीही ऐकायचं नव्हतं.

जागा कोलाडजवळची, कुंडलिका नदीच्या काठावरची. आंब्याच्या झाडांखाली आठ तंबू, एका बाजूला संडास-न्हाणीघरं, मागे कुटुंबाचं राहतं घर. कुंडलिका जरा वेगळी नदी आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की या नदीत येतं. त्यामुळे पावसाळा नसतानाही सकाळी पाणी सोडलं की नदी फुगते, राफ्टिंगच्या रबरी होड्या त्यावरून जातात, आणि नंतर ती पुन्हा उतरते. (ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचं हे पाणी. आपण त्यात पाय सोडून मजेत बसतो.)

रस्त्यावर पाटी होती : 'घरगुती जेवण, कौटुंबिक वातावरण, शांत परिसर. दारू व स्पीकरला सक्त मनाई.' खाली घरातल्या दादांचं नाव आणि मोबाईल नंबर. पाटी वाचून आम्हाला हायसं वाटलं. चार बायकांनी पुरुष बरोबर नसताना रात्री तंबूत राहायचं तर आधी पाहावं लागतं ते शेजारच्या तंबूत कोण आहे, संडासला दिवा आहे का आणि कडी नीट लागते का. इथे तिन्ही ठीक होतं. पहिली दुपार मी झाडाखाली सरळ आडवी झाले. दिवसाढवळ्या, उघड्यावर, काहीही न करता बाईने आडवं होणं ही आपल्याकडे किती अवघड गोष्ट आहे हे त्या अर्ध्या तासात कळलं. तीनदा तरी उठून ओढणी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. घरात दिवा होता. वहिनी उठल्या होत्या.

एम. एस. डब्ल्यू. करताना आम्हाला बाईच्या दिवसाचा तक्ता भरून घ्यायला शिकवलं होतं. सुट्टीवर होते तरी सवय जात नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात वहिनींचा तक्ता भरला. साडेचारला चूल आणि पंचवीस माणसांचा चहा. मग पोहे. आदल्या दिवशी रिकाम्या झालेल्या तंबूंतल्या चादरी गोळा करून नदीवर, कारण पाणी सोडायच्या आत धुणं उरकायला हवं. मग बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेले वाल सोलणं. एकेक दाणा बोटांनी सोलायचा. बिरडं खाताना आपण 'वा' म्हणतो, पण पंचवीस ताटांचे वाल सोलायला किती वेळ लागतो ते सोलणारीलाच ठाऊक. तांदळाच्या भाकऱ्या मी मोजल्या, साठच्या वर गेल्या. मधे सासूबाईंचं पथ्याचं जेवण, मुलीचा अभ्यास, बचत गटाची वसुली. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला. दुपारची कलंडलेली घटका वगळली तर सतरा-अठरा तास.

मी मदतीला गेले होते. दोन भाकऱ्या थापल्या, दोन्ही फाटल्या. वहिनी हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही पैसे भरून आलाय. बसा निवांत. माझा तवा अडकतोय."

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. वहिनींच्या वरणाचं एकच पातेलं होतं. त्यातून आमच्या ताटात पडलं तो धंदा आणि सासूबाईंच्या ताटात पडलं ते घरकाम. हात तेच, चूल तीच. असा हिशोब वेगळा करता येत नाही म्हणून घरात तो सगळाच घरकामात जमा होतो. 'घरगुती' या शब्दाची ही खुबी आहे. तो गिऱ्हाइकाला आपुलकी विकतो आणि राबणारीचा पगार झाकून टाकतो.

दादा काही बसून खाणारे नव्हेत. तंबू ठोकणं, बाजार, होडीवाल्यांशी बोलणं, फोन घेणं, सगळं करतात. रात्री त्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा-मीठ घालून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आम्ही सगळे पाहुणे गोल करून उभे. फोटो निघाले. मडकं उघडल्यावर टाळ्या पडल्या. मला मजा वाटली, मीही वाजवल्या. नंतर लक्षात आलं, उघड्यावरच्या जाळावर पुरुषाने केलेला स्वयंपाक हा कार्यक्रम असतो. साठ भाकऱ्यांना कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पण मला सगळ्यात चटका लावून गेली ती पाटीवरच्या 'शांत' या शब्दाची गोष्ट. सुरुवातीला इथे दारू चालायची, स्पीकरही चालायचा. पैसा त्यातच जास्त. एका रात्री प्यायलेली मुलं बर्फ मागत थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. आत मुलगी झोपलेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी सांगितलं, हे बंद होईपर्यंत मी चूल पेटवणार नाही. तीन दिवस पेटवली नाही. सासूबाईंना भात करून द्यायच्या, बाकी कोणाला काही नाही. आलेले पाहुणे परत गेले, चौथ्या दिवशी पाटी रंगवून आली. पहिल्या हंगामात धंदा निम्म्यावर आला आणि त्याबद्दल वहिनींनी घरात पुष्कळ ऐकून घेतलं. मग हळूहळू मुलंबाळं घेऊन कुटुंबं येऊ लागली, आमच्यासारख्या बायका येऊ लागल्या. आता दादा पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, "आमचं पहिल्यापासून हेच धोरण आहे."

म्हणजे आम्ही ज्या शांततेचे पैसे मोजले ती वहिनींच्या संपातून आली होती. ते पैसे गेले कुठे? घराच्या दाराशी लावलेला स्कॅन करायचा कागद दादांच्या खात्याचा. जमीन सासऱ्यांच्या नावावर. माहेरच्या जमिनीवर वहिनींनी लग्नानंतर भावाला हक्कसोड लिहून दिलेली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय सरकारनेही १९९२ मध्ये केली. पण त्यात नवऱ्याने अर्ज करायचा असतो, आणि इथे तर जमीन अजून सासऱ्यांकडूनच खाली आलेली नाही.

शेवटच्या रात्री शेकोटीशी हा विषय निघालाच. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात, बाईच्या मालकीचा आणि तिने चालवलेला पर्यटन व्यवसाय असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. मी ते सांगितलं. दादा लगेच म्हणाले, "करू की हिच्या नावावर. काय फरक पडतो? घर एकच आहे."

वहिनी दुसऱ्या दिवशीचे वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कर्ज माझ्या नावावर आणि मोबाईल तुमच्या खिशात, असंच ना?"

दादा हसले. आम्हीही हसलो. पण सरपंच बाईच्या खुर्चीशेजारी नवऱ्याची खुर्ची आपण पाहिलेली आहे. फक्त कागदावरचं नाव हे बाईच्या डोक्यावर नवं ओझं होऊ शकतं. बुकिंगचा फोन कोण उचलतं, पैसे कोणाच्या खात्यात पडतात, आणि पाहुणे नकोत असं म्हणून आठवड्यातला एक दिवस बंद ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे बदललं तर नावाला अर्थ.

कोणी म्हणेल, चांगलं घर आहे, नवरा पीत नाही, मारत नाही, तुम्ही कशाला काड्या घालता? आमचा अनुभव उलटा आहे. घर चांगलं असतं तेव्हाच हे कागद होतात. घर मोडल्यावर आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईने पंधरा वर्षं खानावळ चालवलेली असते आणि पोटगीच्या अर्जात 'व्यवसाय : गृहिणी, उत्पन्न : नाही' असं लिहावं लागतं. कारण दाखवायला एक पावतीही तिच्या नावाची नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तिने उभ्या केलेल्या धंद्यात वाटा मात्र त्यातून मिळत नाही.

आणखी एक सांगायला हवं. संडास-न्हाणीघरं धुवायला वाडीवरची एक कातकरी बाई येते. तिचा चहाचा पेला वेगळा, ओट्याखाली पालथा. तो मी पाहिला आणि त्याबद्दल वहिनींशी बोलायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या बाजूची म्हणून मी इतकं लिहिते आहे, म्हणून हेही लिहिते.

निघताना बिलाचे पैसे वहिनींच्या खात्यात टाकायचे म्हणून हटून बसले. खातं होतं, बचत गटामुळे उघडलेलं. पासबुक ट्रंकेत, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर दादांचा. शेवटी रोख दिले. वहिनींनी ते मोजून तुरडाळीच्या डब्यात ठेवले आणि स्वतःचा नंबर घ्यायला काय काय कागद लागतात ते मला दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात काठावरच्या चार-पाच कॅम्पमधल्या बायकांनी दोन दिवस इथेच पाहुण्या म्हणून राहायचं, असं आम्ही बोलून ठेवलंय. शिबिर नाही, विषय नाही, नुसतं राहायचं. स्वयंपाक घरचे पुरुष करतील. पोपटी मी लावतो, असं दादा तिथल्या तिथे म्हणाले. भाकऱ्यांचं काय, ते अजून ठरायचं आहे.