चौकातल्या बँडची बिदागी

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल शहरात राहते. इथे २००६ मध्ये ‘हॉंक’ हा रस्त्यावरच्या ब्रास बँडांचा उत्सव सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये ठिकठिकाणचे बँड येतात आणि डेव्हिस स्क्वेअरच्या आसपास कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून वाजवतात. स्टेज नाही, तिकीट नाही, स्पीकर नाही. रविवारी सगळे मिळून वाजवत हार्वर्ड स्क्वेअरपर्यंत चालत जातात. बरोबर गावातल्या संघटना, सायकलवाले, पोरंसोरं. बाहेरगावचे वादक गावकऱ्यांच्या घरी उतरतात. आमच्याकडे उतरलेल्यांना मी सकाळी पोहे देते आणि त्यांची वाद्यं हातात घेऊन बघते, कारण माझे वडील कराडच्या एका बँडमध्ये युफोनियम वाजवायचे.

हे सगळं ऐकून महाराष्ट्रातले परिचित म्हणतात, आपल्याकडेही असं व्हावं, बँडवाल्यांनी कधीतरी समाजासाठी चार गाणी फुकट वाजवावीत. याला माझा ठाम विरोध आहे.

हॉंकमध्ये वाजवणाऱ्या बहुतेकांचं पोट बँडवर नसतं. कुणी शाळेत शिकवतं, कुणी नर्स आहे. त्यांनी फुकट वाजवलं तरी महिनाअखेरीला पगार होतो. माझ्या वडिलांचं तसं नव्हतं. लग्नसराईत सुपारी आली तर घरात पैसा. आषाढात मुहूर्त संपले की गणपतीचे दिवस सोडून कार्तिकापर्यंत बाजा पेटीत आणि वडील दुसऱ्याच्या रानात भांगलणीला. वरातीत त्यांना सगळ्यांच्या पुढे चालवायचे, जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला, तीही मांडवाबाहेर. आता तर लग्नसराईसुद्धा डीजेने नेली. ज्यांच्याकडून आपण इतकं फुकट घेतलं, त्यांच्याकडे आणखी फुकट मागायचं?

हॉंकमधल्या अनेक बँडांनी जिथून प्रेरणा घेतली, त्या न्यू ऑर्लिन्सची रीत आपल्या जास्त कामाची आहे. गुलामगिरी संपली तरी तिथल्या काळ्या माणसांना विमा कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. मग वस्त्यांनी वर्गणी काढून मदत मंडळं उभी केली. १८८४ मधलं ‘यंग मेन ऑलिम्पियन’ हे त्यातलंच एक, अजून चालू असलेलं. सभासद आजारी पडला तर औषधपाणी, गेला तर दफनाचा खर्च आणि अंत्ययात्रेला बँड. जाताना संथ प्रार्थनागीतं, परतताना नाचायच्या चाली, आणि बँडमागून चालणारी वस्ती, म्हणजे ‘सेकंड लाइन’. बँडवाला वस्तीतलाच होता आणि त्याची बिदागी वस्तीच्या वर्गणीतून जात होती. मला पटतं ते हे.

आपल्याकडे वर्गणी म्हणजे नगरपालिकेचा कर. कारंजी आणि स्वागतकमानी त्यातून होतात, मग बँडही व्हावा. आषाढ ते कार्तिक, बँडवाल्यांच्या उपाशी महिन्यांत, दर रविवारी संध्याकाळी गावातल्या एका बँडला चौकात वाजवायला बोलवावं; पाऊस असेल तर मंडईच्या छपराखाली. आळीपाळीने सगळ्या बँडांना, ठरलेली बिदागी देऊन. लग्नात न वाजवता येणारं, नव्यानं बसवलेलं काहीतरी त्यांना तिथे वाजवू द्यावं. नुसती हळदीची गाणी वाजवून वादकालाही कंटाळा येतो, हे मी घरात पाहिलं आहे.

आवाजाचं काय, असं विचारलं जाईल, आणि ते रास्तच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्यंही बंद, ते पाळायचंच. दवाखान्यापासून लांबची जागा निवडायची, तास-दीड तासात संपवायचं. तोंडाने फुंकणाऱ्या माणसाला दम लागतो, त्याला थांबावंच लागतं. डीजेच्या भिंतीला दम लागत नाही.

शिकवण्याचीही सोय तिथेच व्हावी. सॉमरव्हिलला ‘स्कूल ऑफ हॉंक’मध्ये कुणीही यावं, वाद्य नसेल तर तेही मिळतं, आणि शिकायचं कानाने ऐकून. वडिलांनाही त्यांच्या मास्तरांनी कानानेच शिकवलं, कागदावर काही नव्हतं. मात्र घरात बाजा असून मुलीच्या हातात तो द्यावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. मी ट्रॉम्बोन धरला तो इथे येऊन, चाळिशी उलटल्यावर. चौकातल्या मास्तरांसमोर मुली पहिल्या दिवसापासून असल्या पाहिजेत.

कराडला कृष्णेच्या घाटावर सुरुवात करता येईल. वडिलांच्या बँडमधले दोघे अजून वाजवतात. त्यांना मी फोनवर विचारलं, यासाठी तुम्हाला काय लागेल? शाल-श्रीफळ नको म्हणाले, नवा गणवेशही नको. तारीख आठ दिवस आधी कळावी, आणि पैसे वाजवून झाल्यावर त्याच संध्याकाळी हातात पडावेत.