अंदाजाची परीक्षा

पेढीवर मुरलेल्या माणसाला आपल्या अंदाजाचा मोठा भरवसा असतो. तो अंदाज पारखून पाहण्याची सवय मात्र क्वचितच आढळते. मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली एक कसोटी या दृष्टीने उद्बोधक आहे. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमाला धरून आहेत, एवढेच सांगायचे. समोरच्याने स्वतः तीन-तीन आकडे सुचवावेत, ते नियमात बसतात की नाही हे विचारावे आणि नियम ओळखावा. बहुतेक जण ८, १०, १२ असे आकडे सुचवत, होकार मिळवत आणि ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ असा नियम सांगून चुकत. खरा नियम केवळ ‘चढता क्रम’ हा होता. १, २, ९ विचारले असते, तर चूक तत्काळ उमगली असती. आपले म्हणणे खोटे ठरवू शकेल असा प्रश्नच आपण टाळतो.

चालढकलीच्या मुळाशीही असाच न पारखलेला अंदाज असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले; प्रत्यक्षात ५५ दिवस लागले.

आमच्या दुकानात जुन्या उधारीची यादी अशीच रखडली होती. ‘पाच दिवसांचे काम, सवडीने करू’ असे मी दोन वर्षे म्हणत राहिलो. दरम्यान एका गिऱ्हाइकाने दुकान बंद करून गाव सोडले आणि ती रक्कम बुडाली. तेव्हा धाकट्या बंधूंनी सुचवले, “दादा, यादी निम्मी-निम्मी वाटून घेऊ. किती दिवस लागतील ते आधी वहीत लिहू. अंदाज ज्याचा अधिक चुकेल, त्याने महिनाभर सकाळी दुकान उघडायचे.” मी पाच दिवस लिहिले, त्यांनी दहा. त्यांचे काम नऊ दिवसांत संपले, माझे अकरा. महिनाभर कुलूप मीच उघडले. पण यादी पुरी झाली.

स्पर्धा केवळ वेगाची असती, तर घाईत हिशेब चुकले असते. अंदाजाची असल्यामुळे मनाची फसवणूकही उघडी पडली.

वाचकहो, आज रात्री मुलांना २, ४, ६ चे कोडे घाला. मग आपले एखादे रखडलेले काम आणि त्यास लागणारे दिवस कागदावर लिहून, आपल्याला हरवण्यात ज्याला आनंद वाटेल अशा घरच्याच माणसाच्या हाती तो कागद द्या.