मॅरियनच्या स्वाती दांडेकर आणि आपला ‘गाववाला की बाहेरचा’

पिंपरी-चिंचवडच्या निवडणुकीत उमेदवाराच्या आधी एक प्रश्न प्रभागात पोहोचतो : हा गाववाला की बाहेरचा? २००२ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हाच प्रश्न नागपूरच्या एका स्त्रीसमोर उभा राहिला.

स्वाती दांडेकर यांचा जन्म नागपूरचा, १९५१ चा. नागपूर विद्यापीठाची पदवी, मुंबईत आहारशास्त्राची पदविका आणि १९७३ मध्ये आयोवा. सीडर रॅपिड्स या कारखान्यांच्या शहराला लागून असलेले मॅरियन हे त्यांचे गाव झाले.

त्यांची कथा बहुधा विधिमंडळापासून सांगितली जाते. ती १९९६ पासून सांगायला हवी. त्या वर्षी त्या लिन-मार शाळा-मंडळावर गेल्या. मानधन नाही, प्रसिद्धी नाही. शाळांचे अंदाजपत्रक, इमारती, शिक्षकांच्या नेमणुका आणि पालकांच्या तक्रारी. अशी सहा वर्षे.

२००२ मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी रिपब्लिकन उमेदवाराने एका ई-मेलमध्ये आक्षेप घेतला. त्याचा आशय असा : मी आयोवात ध्वजाची प्रतिज्ञा म्हणत वाढले, तेव्हा स्वाती भारतात जातिव्यवस्थेत वाढत होत्या, त्या इथले कायदे कशा करणार? (जातिव्यवस्थेचा उल्लेख खोटा नव्हता, हे आपण मान्य करावे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता.) मतदारांनी दांडेकरांना निवडून दिले. त्यांच्या शाळा ज्यांनी चालवल्या, त्यांना ते ओळखत होते.

पुढचा प्रवास निष्कलंक यशोगाथेचा नाही. २००९ मध्ये त्या राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या. २०११ मध्ये रिपब्लिकन राज्यपालांनी देऊ केलेले वीज व अन्य सेवांच्या नियामक मंडळावरील पद स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला. सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४. त्यामुळे स्वपक्षाचे बहुमत एका पोटनिवडणुकीवर टांगले गेले. पक्षाने ती जागा राखली, परंतु हा निर्णय पक्षनिष्ठेच्या कसोटीला उतरत नाही. २०१४ मध्ये काँग्रेससाठीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ओबामांच्या काळात, २०१६ मध्ये, त्या आशियाई विकास बँकेत राजदूताच्या दर्जाने अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या.

‘नागपूरच्या लेकीने अमेरिकेत झेंडा रोवला’ हे आपले आवडते शीर्षक. त्यात एक विसंगती आहे. दांडेकर जिंकल्या त्या मॅरियनच्या म्हणून. आपण त्यांना पुन्हा नागपूरच्या करतो, म्हणजे नकळत त्या ई-मेलचीच बाजू घेतो.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यांसाठी ज्यांची शेते गेली, त्या गावकऱ्यांचा सल खरा आहे. पुढे औद्योगिकीकरण चाकणकडे सरकले, तेव्हा तिथेही तो उमटला. पण दांडेकरांना आयोवात येऊन २००२ साली एकोणतीस वर्षे झाली होती. ज्या वर्षी त्या आयोवात उतरल्या, त्या सुमारास लातूर-नांदेडहून भोसरीत उतरलेल्या कामगारांची मुले आज पन्नाशीला टेकली आहेत. त्यांना अजूनही विचारले जाते, मूळ गाव कोणते?