पोहण्याचे हौद आणि आपली कोळपणी



वसई-विरारच्या बंगल्यांतले पोहण्याचे हौद आणि आपली कोरडवाहू कपाशी-ज्वारी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून झाले. पुढे त्यातले दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांना ठरले. १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला, तरी पाणी गेलेच. शहरातल्या माणसाने तहानलेले राहावे असे आम्ही म्हणणार नाही. आपलीच पोरे नालासोपाऱ्यात खोली करून राहतात आणि हंडे घेऊन टँकरपुढे उभी राहतात. पण हौदातून नुसते उडून जाणाऱ्या पाण्याचा जाब विचारायला काय हरकत आहे?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद हौदातून दिवसाला ५ मिलिमीटर उडाले तर २५० लिटर गेले. रात्रीही थांबत नाही. दिवसभर तापलेले पाणी आणि समुद्रावरचा वारा आपले काम करीतच असतात.

उपाय काही विलायती नाही. पोहणे झाले की हौदावर बुडबुड्यांचा तरंगता प्लॅस्टिक कागद पसरायचा. जितका वेळ झाकलेला, तितका वेळ पाणी जवळजवळ उडतच नाही. शोभेची कारंजी बंद ठेवायची, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करायचा. आपण वेगळे काय करतो? काळी जमीन भेगाळली की ओल उडते, म्हणून रब्बी ज्वारीत कोळपे धरून भेगा बुजवतो, वर भुसभुशीत मातीचे पांघरूण घालतो. एक कोळपणी अर्धे पाणी, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवायला आले नव्हते. ज्याला घरी हौद बांधायचा आहे त्याने खुशाल बांधावा, पण आच्छादनाच्या अटीशिवाय परवानगी मिळू नये, एवढीच आमची मागणी आहे.

आता आपल्याकडे वळू. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यातून वैशाखात दिवसाला ८ मिलिमीटर उडाले तर ७,२०० लिटर होतात. बंगल्यातल्या जवळजवळ एकोणतीस हौदांइतके! हे बोलायला जड जाते, पण खरे आहे. तळे पसरट न करता खोल करावे, मिळेल तिथे वारा अडवावा, संरक्षित पाणी वेळेवर पिकाला देऊन टाकावे.

शिवाय पाणी उडते की झिरपते हेही पाहिले पाहिजे. भरलेली बादली तळ्याच्या कडेला पाण्यात उभी करा, आतली-बाहेरची पातळी खुणेने नोंदवा. दिवसभराने बाहेरची जास्त उतरली तर अस्तर फाटले आहे. पुढच्या बैठकीला येताना हे माप घेऊन या.