कुंपणाबाहेर ऐकू येणारा भोंगा

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमधली गळती सर्वांत आधी कळली ती कामगारांच्या डोळ्यांना. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरून पाणी येऊ लागले. तरीही, चहा झाल्यावर पाहू, असे ठरले. लोकांसाठीचा भोंगा पुढे वाजला, पण थोड्याच वेळात बंद करण्यात आला. तो पुन्हा सलग वाजू लागेपर्यंत वस्त्यांमधली माणसे जिवाच्या आकांताने पळत सुटली होती.

नाका-डोळ्यांच्या भरवशावर विषारी वायू हाताळणे हा गुन्हाच आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांपर्यंत गेले की नाक बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. खांबांवर बसवलेले सेन्सरही वायू त्यांच्यापर्यंत पोचला तरच बोलतात. वारा उलटा असेल तर शेजारून ढग गेला तरी ते गप्प.

लेसर यंत्राने ही उणीव बरीच भरून काढली आहे. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, मिथेन 1.65 मायक्रोमीटरच्या आसपासचा. त्या तरंगलांबीवरून मागेपुढे सरकणारा किरण आवाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सोडतात आणि वाटेत किती प्रकाश शोषला गेला ते मोजतात. शंभर मीटरच्या पट्ट्यात ढग कुठेही शिरला तरी काही सेकंदांत कळते. किरण धुक्याने अडला किंवा काच मळली, तर तेही यंत्र स्वतःच सांगते. अर्थात क्लोरीन या किरणाला दिसत नाही, कारण तो अवरक्त प्रकाश शोषत नाही. तिथे जुने सेन्सर लागणारच. कुठलेही एक यंत्र बसवून सुरक्षा विकत घेतल्याचा दाखला मिळवू पाहणाऱ्या व्यवस्थापनांना हे बजावून सांगायला हवे.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. हा इशारा जातो कुठे? कंट्रोल रूमच्या पडद्यावर. डिसेंबर 2024 मध्ये रत्नागिरीतल्या जयगडला वायुगळती झाली तेव्हा शेजारच्या शाळेतल्या मुलांना त्रास होऊ लागला आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. कुंपणाबाहेर आजही मुलांची शरीरेच सेन्सरचे काम करतात, ही संतापजनक गोष्ट आहे.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये 2012 साली तेलशुद्धीकरण कारखान्याला आग लागली आणि सुमारे पंधरा हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. 2017 मध्ये त्या राज्याने कायदाच केला : शुद्धीकरण कारखान्यांनी कुंपणाच्या रेषेवर हवा मोजायची आणि आकडे त्याच वेळी जनतेसमोर ठेवायचे. आपल्याकडेही 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात परिसरातल्या जनतेला धोक्याची माहिती देण्याचे बंधन घातले गेले. ती माहिती आजवर कागदावर देता येत होती; आता ती दर सेकंदाला देता येते. म्हणून परवान्याच्या नूतनीकरणातच अट घालावी : कुंपणावरच्या यंत्राची नोंद ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्रातल्या फलकावर थेट दिसली पाहिजे, ठरलेली मर्यादा ओलांडली की गावातला भोंगा आपोआप वाजला पाहिजे आणि तो बंद करण्याची कळ कारखान्याच्या हाती असता कामा नये.